गार्डासाठी शिकारी दुर्बीण

लग्नाला सोळा वर्षं झाली त्या वर्षी मी माझ्या नवऱ्याला दुर्बीण घेतली. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना भेटी देत नाहीत. साडी येते ती सणाला, शर्टाचं कापड येतं ते भाच्याच्या लग्नात. तरी मी घेतली, आणि ती घेताना मला जे कळलं ते आज लिहून ठेवते.

हे वनरक्षक. लोक नुसतं 'गार्ड' म्हणतात. तेव्हा यांची नेमणूक तोरणमाळला होती आणि मी तापीकाठच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर. नकाशात पाहिलं तर अंतर काहीच नाही. आमच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, त्या रेघेवर कुठेतरी हे. पण घरी सासूबाई अर्धांगानं पडून होत्या, त्यांना उठवणं-बसवणं माझ्याकडे, वर शाळा. मी वर जाऊ शकत नव्हते आणि हे महिन्यातून दोनदा खाली यायचे. तेही उन्हाळा सोडून. माघ सरला की मोहाची फुलं गळायला लागतात, ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि तो जाळ कधी कधी हातचा सुटतो. मग चैत्र-वैशाख गार्डाला सुटी नाही.

त्या वर्षी हे संक्रांतीला तिळगूळ खाऊन गेले ते आलेच नाहीत. फोन यायचा. यांच्या क्वार्टरवर रेंज नसायची, एका टेकाडावर चढून करावा लागायचा, आणि तिथं वारा इतका की निम्मं बोलणं वाराच ऐकायचा.

"माय औषध लेस ना?"

"लेस. तुम्ही कव्हय येशात?"

"देखू. आते तर रोज धूर दिखस."

एवढंच. सोळा वर्षांनी बोलायला औषध आणि धूर.

दुर्बिणीचं डोक्यात आलं ते यांच्याच बोलण्यातून. ऑफिसची एक जुनी दुर्बीण चार गार्डांमध्ये फिरायची आणि तिची डावी नळी आंधळी झाली होती, आत बुरशी चढलेली. "एका डोळ्यानं जंगल सांभाळतो," असं हे हसत सांगायचे. एकदा समोरच्या दरीतून पांढरं काही वर येताना दिसलं. धूर की धुकं, ठरेना. दोन तास उतरून-चढून गेले तर ते धुकंच होतं. हे पुन्हा हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. दोन तासांची ती वाट माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि ती मी कधी पाहिलेलीसुद्धा नव्हती.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तशीच एसटीनं नंदुरबारला गेले. बाजारात एक घड्याळ-चष्म्याचं दुकान आहे. मालक मूळचे राजस्थानकडचे, आजोबांच्या वेळेपासून इथं, त्यामुळे बोलताना मारवाडी, हिंदी, अहिराणी सगळं एकाच वाक्यात येतं. मी दुर्बीण मागितली तसं त्यांनी जत्रेत मिळते तशी एक लाल प्लॅस्टिकची काढून काचेवर ठेवली.

"लहान मुलासाठी ना, ताई?"

"नाही. माझ्या मिस्टरांसाठी. ते जंगलात गार्ड आहेत."

त्यांनी ती लाल दुर्बीण परत खाली ठेवली, आत गेले आणि दोन पेट्या घेऊन आले. एक दहापट जवळ दाखवणारी, एक आठपट. मला अर्थातच दहावाली हवी होती. देणं असेल तर मोठं द्यावं. मालक म्हणाले, "बाहेर जाऊन पाहा. मग सांगा."

मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून रस्त्याच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीवर ती रोखली. टाकीवरची कबुतरं एकदम अंगावर आली आणि नाचायलाच लागली. कबुतरं शांत बसली होती, हात माझा हलत होता. रस्त्यावरून जाणारी माणसं माझ्याकडे बघत होती. आठवाली लावली तर कबुतर जरा लहान दिसलं, पण थांबलं. मानेवरचा हिरवा-जांभळा रंगही दिसला.

"जितकं जास्त जवळ आणाल तितका हात जास्त हलतो," मालक म्हणाले. "डोंगर चढून दम लागलेला माणूस दहाची काय धरणार? आणि आठवालीची पुढची काच मोठी आहे. पहाटे, संध्याकाळी, उजेड कमी असतो तेव्हा बरं दिसतं."

मग त्यांनी तिची पेटी फिरवून दाखवली. तिच्यावर झाडाच्या फांद्यांसारखी शिंगं असलेलं कुठल्यातरी थंड मुलखातलं सांबर, आणि बाजूला खांद्याला बंदूक लावलेला गोरा माणूस.

"ही शिकारी दुर्बीण आहे, ताई."

मी दुर्बीण हातातून खाली ठेवली. "अहो, माझा नवरा शिकारी पकडतो."

"मग तर हीच घ्या. आपल्याकडे शिकार कुठं राहिली, हा बाहेरच्या देशाचा माल. पण शिकाऱ्याला काय पाहिजे? जनावराला न कळता जनावर दिसलं पाहिजे. गार्डालाही तेच पाहिजे. बघा, कुठं चकाकत नाही. हिरवं रबर आहे, दगडाला लागली तरी आवाज नाही. पाणी आत जात नाही, म्हणजे बुरशी नाही."

बुरशीचं ऐकल्यावर मी मनातून ठरवून टाकलं. तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "चष्मा आहे का साहेबांना?"

"नाही," मी लगेच म्हणाले.

"नक्की? चष्मा असला तर या डोळ्यांच्या रबरी वाट्या खाली मुडपायच्या. आणि डोळ्यांमधलं अंतर? काहींचं फार कमी असतं, नळ्या तेवढ्या जवळ येत नाहीत."

यांचे डोळे जवळ जवळ आहेत की लांब लांब? यांचा आवाज मला पाठ होता. यांच्या मनगटावरचा कोयत्याचा व्रण पाठ होता. चप्पल काढण्याची पद्धत, डाव्या पायाची आधी, तीही. पण चेहरा आठवायला गेले की तो एकसंध समोर येईना. नाक येई, मिशी येई, डोळ्यांचं अंतर काही येईना. मोबाइलमध्ये फोटो शोधला तर सापडला तो भाच्याच्या लग्नातला, त्यात हे पंगतीत वाकून जेवत होते.

मालकांना काय कळलं कोण जाणे. म्हणाले, "राहू द्या. सगळ्यांना बसतेच ही."

येताना एसटीत मी ती पिशवी मांडीवर धरून बसले होते. सोळा वर्षांतले एकत्र घालवलेले दिवस मोजावेत असं मनात आलं, पण धीर झाला नाही.

घरी सासूबाईंना दाखवली. उजवा हात चालत होता त्यांचा. पेटीवरच्या त्या बंदूकवाल्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हाई काय शे व? मन्हा पोऱ्याले शिकारी बनाडी ऱ्हायनी का?"

मी समजावलं. पेटी माझ्याकडे सरकवून त्या म्हणाल्या, "तू जा. तू सोता दी ये त्याले."

मी म्हटलं, हे आल्यावर देईन. त्यांनी मान वळवली. "तो येस नही. तू जा. मन्ही पोर ऱ्हाई मन्हापान दोन दिन."

लेकीला त्यांनी स्वतःच निरोप धाडला. अशी माझी नणंद आली आणि चार वर्षांनी मी तोरणमाळला निघाले.

शहाद्याहून जीप मिळाली. राणीपूर सुटल्यावर घाट लागला आणि कान बंद झाले. वळणावळणावर खाली पाहिलं की सपाटीवरची केळीची आणि उसाची हिरवी ठिगळं लहान लहान होत गेली. बाजूला पावरा आदिवासी बायका बसल्या होत्या, मिठाची आणि तेलाची ओझी घेऊन. त्यांच्यातली एक माझ्याकडे बघून हसली आणि काही म्हणाली, ते मला समजलं नाही, पण मीही हसले. आपण नवऱ्याला न कळवता त्याच्याकडे चाललोय, हे चेहऱ्यावर दिसत असावं.

क्वार्टरला कुलूप होतं. दोरीवर यांचा एकच शर्ट वाळत होता, आणि त्याचं एक बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं. ओट्यावर एक वयस्कर वनमजूर बसला होता. मी कोण ते सांगितल्यावर तो लगबगीनं उठला, माठातलं पाणी दिलं.

"साहेब त्या धारेवर आहे, बाई," त्यानं दरीपलीकडे हात केला. "जाळरेषा साफ करतो. आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढतो, ती. संध्याकाळी येईल."

तो मला दरीच्या कडेपर्यंत घेऊन गेला. समोर डोंगराची दुसरी धार, वाळलेल्या गवतानं पिवळी, तिच्यावर बिनपानांची सागाची झाडं. त्याच्या बोटाच्या रोखानं पाहिलं तर चार-पाच ठिपके हलत होते. त्यांतला माझा ठिपका कुठला? मी हाक मारली. वाऱ्यानं ती मागं फेकली. म्हातारा हसला. "हाक नाही पोचत, बाई." आणि तो आपल्या कामाला निघून गेला.

मग मी पिशवीतून दुर्बीण काढली. भेटवस्तू आधी आपण वापरू नये, हे मला कळत होतं.

मधलं चाक फिरवलं. आधी नुसतं पिवळं, मग गवताची काडी न् काडी, मग एक माणूस पाठमोरा, मग दुसरा, आणि मग हे. एकदम समोर. मी दचकून दुर्बीण खाली केली, जणू यांनी मला पाहिलं असतं. पुन्हा लावली.

हे वाकून गवत ओढत होते. ओढून झालं की कमरेवर हात ठेवून सरळ होत होते, एकदम नाही, दोन टप्प्यांत, वडीलधारी माणसं होतात तसे. हे कधीपासून? घरी आले की मुक्कामभर हे ताठ असायचे. मग यांनी बाकीच्यांना काही सांगितलं, हात हलवून, आणि ती माणसं हसली. यांनाही हसू आलं. काय सांगितलं असेल? घरी हे इतकं हसत नाहीत. थोड्या वेळानं सगळे पांगले आणि हे एकटे एका दगडावर बसले. फडकं सोडलं. भाकरी, आणि बहुतेक कांदा. एक घास खाऊन बराच वेळ समोर बघत राहिले, माझ्याच दिशेला, आणि मला दिसत होतं की यांना काही दिसत नाही.

आणि मग यांनी चेहऱ्यावरून काहीतरी काढलं, शर्टाच्या टोकानं पुसलं आणि परत चढवलं. चष्मा.

माझ्या नवऱ्याला चष्मा लागला होता आणि मला माहीत नव्हतं. दुकानदाराला मी किती ठासून 'नाही' म्हणाले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि काचेतलं सगळं विरघळलं. पुसलं, पुन्हा लावली. मी किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही. हात भरून आले तेव्हा कडेच्या दगडावर कोपरं टेकवली आणि बघत राहिले. लग्नानंतर इतका वेळ मी यांच्याकडे सलग कधी पाहिलं नव्हतं. आमच्यात तशी रीतच नाही. समोर असले की मान खाली, कामात हात.

उन्हं कलल्यावर हे वर आले. मी ओट्यावर बसले होते. हे थांबले, आधी घाबरले.

"तू आठे? माय...?"

"माय बरी शे. तिनीच धाडं."

मग यांचा जीव भांड्यात पडला. हातपाय धुतले, चष्मा काढून कोनाड्यात ठेवला, लपवल्यासारखा.

"चस्मा कव्हय लागना?" मी विचारलं.

हे गोंधळले. "फागुनमां. खाले शिबिर व्हतं तठे डोया तपासात. धूर दिखे नही बराबर म्हनीसन गऊ."

"फोनवर सांगं नही."

"सांगानं ऱ्हाई गयं." मग विचारलं, "तुले कसं कळनं?"

"मी तुम्हले देखं. भाकर खातांना."

मी पिशवी पुढे केली. यांचे हात गवताच्या पात्यांनी चिरलेले होते, म्हणून पेटी मीच उघडली. बंदूकवाल्याचं चित्र पाहून हे मोठ्यानं हसले. मग दुर्बीण हातात घेतली, वजन बघितलं, रबरावरून अंगठा फिरवला. 'कशाला आणलीस' असं म्हणतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तसं काही म्हणाले नाहीत. पट्टा गळ्यात घातला आणि चहा होईपर्यंत काढला नाही. चहा पिताना ती पेल्याला लागत होती, तरीही.

मी समोर बसून डोळ्यांमधलं अंतर पाहून घेतलं. यांनी दुर्बीण लावली तेव्हा नळ्या बरोबर बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मला बीटवर घेऊन गेले. 'बीट' म्हणजे एका गार्डाच्या वाट्याचं जंगल. सोळा वर्षांत पहिल्यांदा. हे पुढे, मी मागे. चालताना वळून न बघता सांगत होते, हे सालईचं झाड, हे अस्वलानं उकरलेलं वारूळ, इथं मागच्या वर्षी आग थांबवली. एका ठिकाणी हात मागे करून मला थांबवलं. एका वाळक्या सागाकडे बोट केलं. मला फक्त फांदी दिसली. यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दुर्बीण लावली, चाक फिरवलं, आणि मग ती गळ्यातून न काढताच माझ्या डोळ्यांना लावली. पट्टा आखूड होता, म्हणून मला यांच्या छातीशी उभं राहावं लागलं.

फांदीवर मुठीएवढं घुबड बसलं होतं. भर सकाळी, उन्हात, टक्क जागं. शेपटी झटकत होतं, आणि पिवळे डोळे थेट माझ्यावर.

"रानपिंगळा," हे कानाशी कुजबुजले. "जगमां फार कमी शेतस. आपलाकडे शेतस."

'आपलाकडे' म्हणताना यांचा आवाज असा होता, की मला त्या पक्ष्याचा थोडा हेवाच वाटला.

दुपारच्या जीपनं मी खाली आले. हे घाटाच्या तोंडापर्यंत आले होते. जीप सुटल्यावर मी मागं वळून पाहिलं तर यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली होती, जीपकडे. मी हात केला. किती वळणांपर्यंत मी दिसले असेन, ते कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी यांची बदली खाली झाली, विसरवाडीजवळच्या नाक्यावर. तिथं ट्रक थांबवून लाकूड तपासायचं. एक दिवस नाक्यावर, एक दिवस घरी. सासूबाईंना शेवटचे आठ महिने लेकाच्या हातचं पाणी मिळालं, हे मोठंच झालं. त्या गेल्या तेव्हा हे उशाशी होते.

पण वरून उतरताना हे दुर्बीण तिथंच ठेवून आले. नव्या गार्डाला देऊन आले. मला कळलं तेव्हा मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "तठे ती कामनी शे. आठे मी काय देखू, ट्रका?"

खरं होतं. तरी मला लागलं. मी ती जंगलाला नव्हती दिली, यांना दिली होती. मग हळूहळू लक्षात आलं की यांना त्यात काही फरक वाटत नाही. ते समजायला मला बराच वेळ लागला, आणि समजल्यावरही पूर्ण पटलं असं नाही.

या चैत्रातली गोष्ट. हे घरी होते. दिवस मावळला तरी गच्चीवरून उतरेनात म्हणून मी वर गेले. उत्तरेला डोंगराच्या रेघेवर एक तांबडी वाकडी ओळ पेटली होती, इथून केसाएवढी बारीक. यांचा फोन कानाला होता. नवा गार्ड पलीकडून ओरडून बोलत होता, तिथला वारा मला इथं ऐकू येत होता. हे त्याला सांगत होते, कुठल्या नाल्यातून चढायचं, कुठली धार धरायची, कुणाला हाक मारायची. बोलणं संपलं तरी फोन हातातच.

"चला, जेवाले," मी म्हणाले.

"तू जेवी ले. त्याना फोन येऊ दे."

नवरा हाताच्या अंतरावर उभा होता, आणि मला पुन्हा त्याची वाट पाहावी लागत होती. आता मात्र वाट पाहायला दोघं होतो. मी खाली जाऊन ताटं वाढून वरच घेऊन आले. यांनी एक घास हातात धरला आणि डोंगराकडे बघत राहिले. भाजी निवत गेली. तांबडी ओळ तुटायला, विझायला लागली, आधी मधे, मग कडेला.

फोन वाजला तेव्हा यांनी तो उचलण्याआधी घास तोंडात घातला.